सहा ग्रॅम हरभरे

सालोमी सिस्टरनी पिशवी टेबलावर ठेवली आणि हसू दाबत म्हणाल्या, “मॅडम, खाटीक विचारत होता, लग्न कुणाकडं आहे. कोंबडीच्या बत्तीस छात्या, त्याही कातडीसकट. म्हणाला, कातडीसकट कुणी खात नाही हो बाई.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, पाहुणे डॉक्टर आहेत. त्यांना सगळं चालतं.”

डिसेंबरातला शनिवार होता. दुपारचा एक वाजला होता आणि मला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरीची लेक्चरर होते आणि सालोमी सिस्टर मायनर ओ.टी.च्या इन्चार्ज होत्या. दोन वाजता तिसऱ्या वर्षाची तीस मुलंमुली टाके घालायला शिकायला येणार होती. सोमवारपासून त्यांची कॅज्युअल्टीत पोस्टिंग होती. तिथे ती पहिल्यांदा जिवंत माणसाच्या कातडीत सुई घालणार होती.

आदल्या वर्षापर्यंत हा तास रेक्झिनच्या तुकड्यांवर व्हायचा. रेक्झिन कापायचं, शिवायचं, कुणीतरी येऊन ‘छान’ म्हणायचं आणि सगळ्यांनी चहाला जायचं. पण रेक्झिन कधी सुजत नाही.

माझ्याजवळ मलमलीच्या बत्तीस चपट्या पुरचुंड्या होत्या. प्रत्येकीत सहा ग्रॅम कोरडे हरभरे, फार्मॅकॉलॉजीच्या काट्यावर तोललेले.

त्या सहा ग्रॅमपर्यंत पोचायला मला महिना लागला होता. क्वार्टरच्या ओट्यावर मी रोज एक तुकडा घेऊन बसायची. कातडी कापायची, खाली पुरचुंडी सरकवायची, वर पाच टाके घालायचे आणि ताटलीत पाणी घालून सकाळपर्यंत ठेवून द्यायचं. हरभरे फुगत जातात आणि जखम आतून वर येते, खऱ्या जखमेला दुसऱ्या दिवशी सूज येते तशी. तीन ग्रॅमने काहीच होत नव्हतं. दहा ग्रॅमने सगळंच फाटत होतं. सहा ग्रॅमला मात्र टाक्याटाक्यांत फरक दिसायचा. आवळून बांधलेला टाका कातडी कापत वर यायचा. पण गाठ बांधताना दोऱ्याखाली केरसुणीची एक काडी ठेवली आणि मग ती ओढून काढली, तर तो टाका जागेवर राहायचा. बारा वेळा केलं, बाराही वेळा तेच झालं. बाराव्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी एकटीच हसत उभी होते, तेव्हा दूधवाल्याने दारातून विचारलं होतं की ताई, बरं आहे ना.

हा सगळा खटाटोप मिरीकर सरांसाठी होता. डॉ. भालचंद्र मिरीकर आमचे विभागप्रमुख, आणि मी त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांच्या हाताची ख्याती तीन जिल्ह्यांत होती. गाठ मारताना त्यांची बोटं दिसायचीच नाहीत. ते शिकवायचे, टाका असा हवा की आत वारा शिरता कामा नये. त्यामुळे आमच्याकडून शिकून बाहेर पडणारा प्रत्येक जण गाठ आवळायचा. पहिल्या दिवशी जखम रेघ मारल्यासारखी सुबक दिसायची. चौथ्या दिवशी तीच जखम ड्रेसिंग रूममध्ये माझ्यासमोर यायची आणि तिच्या कडा काळ्या पडलेल्या असायच्या. मी वर्षभर एक वही ठेवली होती. एकशे चाळीस जखमा, त्यांतल्या अडतीस तशा. वही घेऊन सरांकडे गेले, तेव्हा त्यांनी दोन पानं उलटून ती परत दिली. आपले लोक जखमेवर हळद लावतात, तंबाखू लावतात, राख लावतात, त्याचा दोष गाठीला कशाला, असं म्हणाले.

टाके आवळू नयेत हे पुस्तकात होतंच. परीक्षेत आम्ही सगळ्यांनी ते लिहिलं होतं, सरांनीसुद्धा कधीतरी लिहिलं असणार.

मला एवढंच हवं होतं की या तीस जणांनी उद्या सकाळी ते डोळ्यांनी बघावं, आणि सोमवारी जाताना सैल हात घेऊन जावं. त्यांच्या हातांना अजून कसलीच सवय नव्हती. एकदा कॅज्युअल्टीत शिरले की महिन्याभरात तेही आमच्यासारखेच झाले असते.

मुलं यायच्या आधी मी सगळ्या तुकड्यांना चिरा देऊन आत पुरचुंड्या सरकवल्या आणि माझा एक तुकडा शिवून ठेवला. उद्या टिकलेल्या टाक्यांचा निदान एक नमुना दाखवता यायला हवा होता.

नंबरांचं काम सिस्टरांकडे होतं. शिवलेला तुकडा हातात आला की त्या डबीतून एक चिठ्ठी काढायच्या, त्या नंबराचा कापडी बिल्ला तुकड्याला टाचायच्या आणि नाव आपल्या रजिस्टरात लिहायच्या. ते रजिस्टर मीही पाहायचं नाही, असं मीच ठरवलं होतं. कुणाचा तुकडा कोणता हे कळलं की डोळे फसवतात.

दोन वाजता मुलं आली. निम्म्यांनी दारातच नाकाला रुमाल लावला. पारसनीस नावाचा एक हुशार, तोंडाळ मुलगा होता. घरी कांदासुद्धा चालत नाही, आजीला कळलं तर ती काशीला जाईल, असं तो मोठ्याने सांगत होता आणि सांगता सांगता सगळ्यांत आधी हातमोजे चढवून बसला होता. मी सुई कशी धरायची, कातडीत सरळ उभी कशी घालायची, मनगट कसं वळवायचं ते दाखवलं. गाठीबद्दल मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी वॉर्डात वरच्या वर्षाच्या मुलांचं पाहून जे उचललं होतं, तेच मला हवं होतं.

सर येणार नव्हते. पण पावणेतीनला दारात त्यांचा आवाज आला, की आज आपल्याकडे जेवणावळ आहे असं खालपर्यंत कळलंय. सगळे उठले. त्यांनी हातानेच बसा म्हणून खूण केली आणि ते टेबलांमधून फिरायला लागले. एका तुकड्यावर त्यांनी अंगठा दाबला.

“लोहोकरे, यात काय घातलंयस? छर्रे?”

“चरबीच्या जागी काहीतरी हवं होतं, सर. उद्या सांगते.”

“म्हणजे आज सांगायचं नाही.”

“नाही, सर.”

आठ वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि त्यांना गंमत वाटली असावी, कारण ते पुढे सरकले. पारसनीसच्या टाक्यांपाशी थांबून त्यांनी सगळ्यांना ते पाहायला लावले. खरंच देखणे होते. पाच टाके, पाच गाठी, एका रांगेत.

मग ते वनमाला इंगोलेच्या टेबलाशी पोचले.

वनमाला शेवटच्या रांगेत बसायची. हिंगोलीची मुलगी, कधी प्रश्न विचारायची नाही. तिचा टायफॉइडमध्ये दीड महिना गेला होता आणि हजेरी कमी भरल्यामुळे एक टर्म हातची गेली होती. या टर्मची हजेरीही काठावर होती. आणखी पंधरा दिवस बुडले असते तर दुसरी टर्मही गेली असती, हे ऑफिसने तिला लेखी कळवलं होतं. मला ते ठाऊक होतं, कारण ते पत्र तिने मलाच वाचायला दिलं होतं.

सरांनी चिमट्याचं टोक तिच्या टाक्याखालून अलगद आरपार घातलं.

“इंगोले, तुम्हाला जखम बंद करायला सांगितली होती ना?”

“हो, सर.”

“मग खालून बैलगाडी जायला वाट कशाला ठेवलीय?”

सगळे हसले. वनमालाही कसनुसं हसली. पुढचं सर हसत नव्हते. म्हणाले, हा हात सोमवारी माणसावर चालणार नाही, हिला पंधरा दिवस इथेच बसवा, रेक्झिन द्या.

वनमालाने मान वर केली नाही. हातातला नीडल होल्डर मात्र तिने खाली ठेवला, आवाज होऊ न देता.

मी म्हणाले, “सर, सगळ्यांचं उद्या सकाळी पाहायचं ठरलंय. नंबरावर. नावं नंतर.”

“उद्या काय वेगळं दिसणार आहे?”

“तेच उद्या पाहू या.”

माझा आवाज थोडा चढला असावा. सिस्टर चिठ्ठ्यांच्या डबीतून वर बघायला लागल्या. सरांनी चिमटा खाली ठेवला, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर ती खेळकर छटा पाहिली जी अवघड ऑपरेशनच्या आधी यायची.

“ठीक आहे. मग खेळ नीट खेळू. उद्या ज्याच्या पाचांतले तीन टाके सुटलेले दिसतील, त्याने पंधरा दिवस कॅज्युअल्टीतल्या जखमेला हात लावायचा नाही. आणि इंगोलेबाईंचे पाचही टिकले, तर सोमवारची पहिली जखम त्यांची. नियम सगळ्यांना सारखा.”

पारसनीसने विचारलं, “सगळ्यांना म्हणजे, सर?”

सर त्याच्याकडे वळले. मग त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या.

“सिस्टर, एखादा तुकडा शिल्लक आहे?”

एकच होता. तो वाया गेलेल्यासाठी राखून ठेवला होता. सर स्टुलावर बसले. मुलांनी टेबलाभोवती कोंडाळं केलं, मागची बाकावर चढली. पारसनीस घड्याळ बघत होता. मी पाहत होते ते सरांचं मनगट. सुई आत गेली, बाहेर आली, दोरा फिरला, आणि प्रत्येक गाठीच्या शेवटी तो छोटासा झटका, जो आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडूनच उचलला होता. दोन मिनिटं दहा सेकंद. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण ते खरोखरच सुंदर होतं.

हे मी ठरवलेलं नव्हतं. सरांचा तुकडा त्यात असेल असं मी मनातही आणलं नव्हतं. नुसतं मुलांना दाखवायचं होतं. आता उद्या सगळ्यांसमोर काय व्हायचं ते होणार होतं आणि मी ते थांबवू शकत नव्हते. खरं सांगायचं तर थांबवावंसं वाटतही नव्हतं.

मुलं गेल्यावर मी आणि सिस्टरनी बत्तीस तुकडे एनॅमलच्या छोट्या ट्रेंमध्ये एकेक करून मांडले आणि प्रत्येक ट्रेमध्ये दोन बोटं पाणी ओतलं. सिस्टरनी कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. रजिस्टर एका पिशवीत घालून त्या घरी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “मॅडम, मला एवढं तरी सांगा, त्या पोरीचं टिकेल का?”

“मला वाटतं टिकेल.”

“आणि बाकीच्यांचं?”

मी कुलूप ओढून पाहिलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाई गं.”

रविवारी सकाळी सातला मी दारात होते. सिस्टर आधीच येऊन थांबल्या होत्या, दहाला त्यांना चर्चला जायचं होतं म्हणून पांढऱ्या साडीत. कुलूप उघडलं. वास होता, पण थंडीमुळे सोसण्याइतका. मी खिडकी उघडली आणि पहिल्या ट्रेवरचं झाकण काढलं.

मी गेला महिनाभर एकेक तुकडा पाहत आले होते. बत्तीस एका रांगेत पाहिले नव्हते. सगळ्या जखमा वर आल्या होत्या, फुगलेल्या, ताणलेल्या. ओळीने टाके कातडीतून चिरत बाहेर आले होते. गाठी मात्र जशाच्या तशा घट्ट होत्या. नुसत्या गाठी, खाली धरायला काही उरलेलं नाही. मी एका ट्रेकडून दुसऱ्या ट्रेकडे धावत होते. सिस्टर मागून मोजत होत्या. एकोणीस तुकड्यांत तीन किंवा जास्त टाके गेले होते. नऊ तुकड्यांत एक-दोन. आणि चार तुकडे शाबूत होते.

त्या चारांतला नऊ नंबरचा तुकडा मी खिडकीपाशी नेला. जखम सगळ्यांसारखीच फुगली होती, पण पाचही टाके बसल्या जागी होते. कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या होत्या. दोरा कातडीत रुतला नव्हता आणि लोंबतही नव्हता. याहून चांगले टाके मी आजवर पाहिले नव्हते. हा माझाच, मी मनात म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी सिस्टरांना जाऊन मिठी मारली. त्यांनी माझे ओले हात आपल्या साडीपासून लांब धरले.

नऊला मुलं आली, पाठोपाठ सर. पारसनीस आपला तुकडा ओळखता येतो का ते शोधत होता, पण फुगून सगळे सारखेच झाले होते. सर हात मागे बांधून एकेका ट्रेपाशी थांबत गेले. पहिल्या चार-पाच ट्रेनंतर त्यांची चाल मंदावली. सव्वीस नंबरपाशी ते वाकले. त्यात पाचही टाके गेले होते आणि जखम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडी पडली होती.

“हा कोण आहे?” ते म्हणाले. “या हाताला पंधरा दिवस नको, महिनाभर लोकांपासून लांब ठेवा.”

मग त्यांनी सिस्टरांना रजिस्टर वाचायला सांगितलं.

सिस्टरनी चष्मा लावला आणि एकपासून सुरुवात केली. नाव आलं की ते मूल पुढे होऊन आपला ट्रे बघायचं. पारसनीस तीन नंबरला होता, त्याचे चार टाके गेले होते. तो म्हणाला, “आजीचा शाप.” कुणीतरी हसलं. पाच, सहा, सात. आठ नंबरचा शाबूत तुकडा मागच्या बाकावरच्या एका मुलाचा निघाला. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला गाठ ओढून धरता येतच नव्हती.

“नऊ,” सिस्टर म्हणाल्या. “वनमाला इंगोले.”

सगळे वळले. वनमाला ट्रेपर्यंत आली, वाकून बघितलं आणि तशीच वाकलेली राहिली. मला आनंद झालाच, पण त्याच क्षणी मी उरलेल्या शाबूत तुकड्यांचे नंबर आठवत होते. एकवीस आणि तीस. त्यांतला एक माझा.

“चौदा.” सिस्टर थांबल्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “लोहोकरे मॅडम.”

मी चौदा नंबरच्या ट्रेपाशी गेले. दोन तासांपूर्वी मी तो पाहिला होता आणि कुणाचा तरी म्हणून पुढे गेले होते. चार टाके चिरले होते. पाचवा अर्धा. गाठी छोट्या, सारख्या, घट्ट. त्या पाहताना मला सरांच्या मनगटाचा झटका दिसला. केरसुणीची काडी घरी ओट्यावर पडली होती. महिनाभर सैल टाका मी घालत नव्हते, ती काडी घालत होती. काल ती नव्हती, आणि माझ्या हाताने आठ वर्षं जे केलं तेच केलं.

एकशे चाळीस जखमांची वही मी ठेवली होती. त्यांतल्या कितीतरी टाक्यांच्या नोंदीखाली सही माझीच होती. त्या अडतीसांत माझ्या किती, हे मी कधी मोजलं नव्हतं.

सिस्टर वाचत राहिल्या. मला पुढची नावं ऐकू आली नाहीत, फक्त पंचविसानंतर त्या पुन्हा थांबलेल्या कळल्या. त्यांनी रजिस्टर थोडं छातीशी धरलं आणि हळू आवाजात विचारलं, “मॅडम, एक सोडून पुढचा घेऊ का?”

सव्वीस. मी सरांकडे पाहिलं नाही.

“क्रमाने वाचा, सिस्टर.”

“सव्वीस. मिरीकर सर.”

कुणी हसलं नाही, पारसनीससुद्धा. सर सव्वीस नंबरच्या ट्रेपाशी परत गेले. त्यांनी कात्री मागितली, पुरचुंडी बाहेर काढून कापली. टम्म फुगलेले हरभरे त्यांच्या तळहातावर पडले.

“हरभरे,” ते म्हणाले. “किती?”

“कोरडे सहा ग्रॅम, सर.”

“भिजून?”

“बारा. कधी साडेबारा.”

“आणि माणसाची सूज किती ग्रॅम?”

“ती मोजलेली नाही. जखमा मोजल्यात.”

त्यांनी मान हलवली. तळहातावरचे हरभरे ते बोटाने फिरवत राहिले. मला वाटलं आता ते म्हणतील, कोंबडी म्हणजे माणूस नव्हे. ते म्हणाले असते तर त्या खोलीतला कुणीही वाद घालणार नव्हता, मीसुद्धा नाही. माझाच तुकडा फाटला होता.

“सिस्टर, मी मघाशी महिना म्हणालो ना?”

“हो, सर.”

“पंधरा दिवस करा. पहिला गुन्हा आहे.”

तेव्हा मुलं हसली, आणि सरही. पारसनीसने भीतभीत म्हणून पाहिलं की सर, तुमचं काय, तुम्हाला कसं चालेल. सर म्हणाले, का, मी काय शेजारच्या कॉलेजातून आलोय? मग त्यांनी वनमालाला बोलावलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

“हे तुला कुणी शिकवलं?”

ती एकदम सगळं बोलली. “माझे बाबा धान्याच्या मोंढ्यात हमाल आहेत, सर. सुट्टीत पोत्यांची तोंडं मी शिवायचे. दाभणानं. सुतळी ओढून आवळली की दिसतं छान, पण वर थप्पी लागली की पोतं टाक्यापाशीच फाटतं. सगळा माल सांडतो, अन् बोलणं बाबांना बसतं. म्हणून जरा ढील ठेवायची. माल हलायला जागा लागते.”

“मग काल का नाही सांगितलंस?”

“काल तुम्ही बैलगाडी म्हणालात, सर.”

सरांनी उरलेली एक सुई तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “दाखव.”

सोमवारी पहिली जखम विळ्याची होती. चारा कापताना एका बाईचा हात मनगटाच्या वर चिरला होता. कॅज्युअल्टीचे मेडिकल ऑफिसर वनमालाच्या शेजारी उभे राहिले, सिस्टर समोर. आम्ही दोघं, विभागप्रमुख आणि लेक्चरर, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर पेशंटांच्या नातेवाइकांबरोबर बसलो होतो. नियमात जखमेला हात लावायचा नाही एवढंच होतं. आत उभं राहायचं नाही, ही सरांनी घातलेली भर. आत राहिलो तर मी तिच्या हातातून सुई काढून घेईन, असं ते म्हणाले. दर दोन मिनिटांनी ते मला विचारत होते, दिसतंय का काही. मला फक्त तिची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती.

आठव्या दिवशी ती बाई टाके काढायला आली. सर ड्रेसिंग रूममध्ये स्वतः आले, भिंग घेऊन. कडा गुलाबी होत्या. दोऱ्याच्या खुणासुद्धा बारीक होत्या. बाई घाबरली, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी भिंगातून बघण्यासारखं काय झालंय म्हणून. सरांनी तिला सांगितलं की काही झालेलं नाही, तेच बघतोय.

त्याच सोमवारी दुपारी चारपासून आमचा वर्ग सुरू झाला होता. सतरा मुलं आणि आम्ही दोघं, एकोणीस जण. पारसनीस खाटकाकडून माल आणायचा आणि आता त्याला भाव करता येत होता. मी प्रत्येकाला एक काडी दिली. वनमाला म्हणाली, “मॅडम, काड्या नकोत. काडी काढली की हात परत विसरतो.” तिने त्या गोळा करून सिस्टरांकडे दिल्या. ती टेबलांमधून फिरायची आणि कुणाच्याही टाक्याखालून चिमट्याचं टोक घालून बघायची. सुरुवातीला सरांपाशी आली की ती थांबायची आणि नुसतीच उभी राहायची. सर म्हणाले, उभी काय राहतेस, बोल. मग ती बोलायला लागली. सर, परत ओढलं. सर, शेवटचा झटका नको. सर, तुम्ही घाई करता.

पंधरा दिवस ही जास्तीत जास्त मुदत, वनमालाने पास केलं की सुटका, असं सरांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. मुलं भराभर सुटली. त्यांच्या हातांना विसरायला फारसं काही नव्हतं. पहिल्या चार दिवसांत दहा गेली, आठवड्यात पारसनीससकट सगळी. सरांची ऑपरेशनं चालू होती, पण कातडीचे टाके घालायची वेळ आली की ते बाजूला व्हायचे आणि वनमालाने पास केलेल्या कुणालातरी पुढे करायचे. मोठमोठे असिस्टंट तोंडात बोटं घालून बघायचे. चार वाजले की ते खाली येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचे. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसू. मी माझी गाठ अर्ध्यावर थांबवायची, श्वास सोडायची, आणि शेवटच्या क्षणी मनगट आपसूक वळायचं. मला ते होताना दिसायचं, तरी थांबवता यायचं नाही.

बाराव्या दिवशी वनमालाने सरांच्या पाचही टाक्यांखालून चिमटा घातला. मग पुन्हा घातला. तिने आदल्या दिवशीचा, पाण्यातून काढलेला त्यांचा तुकडा शेजारी ठेवला. तो शाबूत होता.

“सर, झालं,” ती म्हणाली. “तुम्ही उद्यापासून नाही आलात तरी चालेल.”

सर उठले. त्यांनी हातमोजे काढले, कोट घातला. दाराकडे जाता जाता ते माझ्यापाशी थांबले. वनमाला माझ्या टेबलाशी आली होती. तिने माझा तुकडा उजेडाकडे धरला, पहिल्या टाक्याखाली टोक घातलं, दुसऱ्याखाली घातलं. तिसऱ्यापाशी ते अडलं.

तिने तुकडा माझ्यासमोर परत ठेवला आणि अगदी हळुवारपणे म्हणाली, “मॅडम, तुम्ही अजून दोन दिवस बसा.”

मी नवीन सुई घेतली.